मे महिन्यातली सावली

इंदूरहून अहमदाबादच्या रस्त्याला लागले की धारच्या अलीकडे बेटमा येते. जवळच पीथमपूरची कारखानदारी, भोवती सोयाबीन आणि गव्हाची काळी जमीन, आणि अलीकडे त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या वसाहती, फार्महाउसे, ढाबे, गोदामे. यातल्या प्रत्येकाला बाग हवी असते आणि त्या बागेचा बराच भाग सावलीत येतो: घराची उत्तर बाजू, दोन भिंतींमधली बोळ, जिन्याखालचा कोपरा, आधीपासून उभ्या असलेल्या कडुनिंबाचा बुंधा. या जागांसाठी रोपवाटिकेत एक ठरलेली यादी हातात पडते. सिंगोनियम, ॲग्लोनेमा, डायफेनबेकिया, कॅलेथिया, नेफ्रोलेपिसचे नेचे. यादी वाईट नाही. मुंबईच्या गॅलरीत किंवा बंगळूरच्या अंगणात ती उत्तम चालते. बेटम्यात मात्र जुलैत लावलेली ही रोपे दिवाळीपर्यंत तजेला दाखवतात, थंडीत खुरटतात, होळीनंतर त्यांच्या पानांच्या कडा करपू लागतात आणि मृगापर्यंत वाफा उजाड होतो. दोष माळ्यावर जातो, पाणी कमी पडले असे ठरते आणि पुढच्या पावसात तीच रोपे पुन्हा आणली जातात. माझ्या मते चूक पाण्यात नसून निवड करताना विचारलेल्या प्रश्नात आहे. हे झाड किती अंधार सोसेल, असे आपण विचारतो. माळव्यात विचारायला हवे ते हे, की सावली निघून गेल्यावर हे झाड काय करील.

कारण इथली सावली खरोखरच निघून जाते. बेटमा कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला, साधारण २२.७ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य इथे दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश वर असतो, म्हणून दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेला दहा फुटांहून थोडी अधिक पसरते. मेच्या मध्यावर त्याच भिंतीची दुपारची सावली आठ इंचांच्या आसपास उरते. जूनमध्ये एकदा आणि जुलैत एकदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तो दुपारीसुद्धा किंचित उत्तरेला असतो. याहून महत्त्वाचे सकाळ-संध्याकाळचे आहे. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येकडे झुकून उगवतो आणि वायव्येकडे झुकून मावळतो. त्यामुळे मेच्या मध्यावर उत्तरेच्या भिंतीला सकाळी साधारण दहापर्यंत आणि पुन्हा दुपारी पावणेतीन-तीननंतर थेट ऊन लागते. दुपारी तीनचे मे महिन्यातले ऊन म्हणजे काय, हे माळव्यात कोणाला सांगायला नको. म्हणजे नकाशावर ‘उत्तर बाजू, कायम सावली’ असे लिहिलेली पट्टी प्रत्यक्षात वर्षातले आठ-नऊ महिने सावलीत आणि नेमक्या सर्वांत कडक काळात उन्हात असते. लंडनच्या अक्षांशावर उत्तरेच्या भिंतीला जूनमध्ये ऊन लागते ते सकाळ-संध्याकाळचे, मवाळ आणि हवेहवेसे. तिथल्या पुस्तकांतला ‘नॉर्थ वॉल’चा सल्ला इथे उचलून आणला की रोप भाजते, ते याच कारणाने.

झाडाखालची सावली तरी भरवशाची असेल, असे वाटते. तीही पानगळी प्रदेशाची आहे. युरोपातल्या जंगलात झाडे थंडीत पाने टाकतात. वसंतात नवी पालवी दाटण्यापूर्वी जमिनीवर जो उजेड पडतो तो गारव्यातला असतो आणि तिथली रानफुले त्या उजेडात फुलून घेतात. आपल्याकडे शिरीष, पिंपळ, कडुनिंब, गुलमोहोर यांची पाने थंडी सरता सरता किंवा ऊन चढता चढता गळतात. कडुनिंब आणि पिंपळ लवकर सावरतात, गुलमोहोर मात्र एप्रिलमध्ये उघडाबोडका असतो. फांद्यांखाली लावलेल्या रोपाला मार्च-एप्रिलमध्ये वर्षातला सर्वांत जास्त उजेड आणि सर्वांत कोरडी हवा एकाच वेळी भोगावी लागते. आंबा, जांभूळ, सप्तपर्णी यांच्याखाली हा प्रश्न कमी येतो, पण तिथे उजेड बारा महिने इतका थोडा असतो की फुलाची आशाच सोडावी लागते. शिवाय पानांतून गाळून आलेला प्रकाश आणि भिंतीआडचा प्रकाश एकसारखे नसतात. पाने लाल प्रकाश शोषून घेतात आणि दूर-लाल प्रकाश खाली सोडतात. खालच्या रोपाला त्यातून डोक्यावर दुसरे झाड असल्याची वर्दी मिळते आणि अनेक जाती उजेडाच्या शोधात लांबट, लेच्यापेच्या वाढतात. भिंतीच्या सावलीत वर आकाश उघडे असते, त्यामुळे तेच रोप तिथे ठेंगणे आणि भरदार राहू शकते. एकच जात एका घराच्या दोन कोपऱ्यांत दोन तऱ्हेची दिसते, ती काही खताच्या फरकाने नव्हे.

आता जमीन. माळव्याची काळी माती बेसॉल्टची लेक आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हात ही माती दोन पावसांच्या मधे थोडी तरी सुकते. सावलीत सुकतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीच्या कडेला, वरून पन्हाळीचे पाणी पडणाऱ्या जागी, रोपाच्या मुळांना आठवडेच्या आठवडे हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मेमध्ये त्याच मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि तंतुमुळे तुटतात. म्हणजे सावलीतल्या झाडाला बेटम्यात मरणाच्या दोन वेळा आहेत, एक पाण्याची आणि एक पाण्यावाचूनची, आणि त्यांच्यामध्ये डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींची तिसरी. माळव्याच्या रात्रींचे कौतुक जुने आहे. पण पारा दहा अंशांखाली उतरला की डायफेनबेकिया आणि ॲग्लोनेमा यांच्यासारख्या विषुववृत्ताजवळच्या जंगलातून आलेल्या झाडांची पाने पिवळी पडून लोंबू लागतात. बहुगुणी झाड कोणते याची माझी व्याख्या यातूनच तयार होते. खोल अंधारात जगणारे झाड इथे बहुगुणी नव्हे. अर्धी सावली, सहा-आठ आठवड्यांचे ऊन, चिखल, भेगा आणि गार रात्र, या सगळ्यांतून रूप फारसे न बिघडवता पार पडते, ते बहुगुणी.

या कसोटीला उतरणाऱ्या झाडांत एक गोष्ट समान दिसते: बहुतेकांनी कुठे ना कुठे पाणी साठवून ठेवलेले असते. स्नेक प्लांटने ते जाड पानात ठेवले आहे. हे मूळचे पश्चिम आफ्रिकेचे झाड आपली पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडते, म्हणून दिवसाच्या कोरड्या झळांचा त्याला फारसा उपद्रव होत नाही आणि माळव्याची गार रात्र त्याच्या सोयीचीच ठरते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यापासून उघड्या अंगणापर्यंत सगळीकडे ते तग धरते. फक्त पावसाळ्यात त्याच्या मुळाशी पाणी साचू देऊ नये. झेडझेड प्लांट जमिनीखालच्या गड्ड्यांत साठा करतो, स्पायडर प्लांट जाड मुळांत. स्पायडर लिलीचा कांदा चिखलातही राहतो आणि कोरड्यातही. रस्त्यांच्या दुभाजकांवर ती दिसते म्हणून तिला नाके मुरडली जातात, पण जी गोष्ट दुभाजकावर जगते तिची शिफारस याहून मोठी काय असणार? नागदवणा तिच्याच गोत्रातला, फक्त आकाराने मोठा. फुटबॉल लिली तर मला या प्रदेशासाठीच घडवल्यासारखी वाटते: थंडीत जमिनीखाली झोपते आणि बाकी सगळे कोमेजलेले असताना, पहिल्या वळवाच्या सुमाराला, पानांच्या आधीच लाल गोळा वर काढते. झुडपांत अडुळसा सर्वांत निर्धास्त. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, छाटणी सोसतो, आणि वसाहतीच्या कुंपणाला सावलीच्या बाजूने तो जितका भरतो तितकी महागडी परदेशी झुडपे भरत नाहीत. त्याला औषधी म्हणून परसात ठेवायचे आणि शोभेसाठी दुसरे काही शोधायचे, ही सवय मला कळत नाही. अबोलीला पाणी थोडे जास्त लागते, पण दुपारची सावली असेल तर ती महिनोन् महिने फुलते. कुंती, जिला इंदुरात मधुकामिनी म्हणतात, आणि तगर ही दोन्ही अर्ध्या सावलीत पानांनी गच्च राहतात. फुले मात्र उन्हाच्या प्रमाणात येतात आणि ते आधी सांगून ठेवलेले बरे.

यावर पहिला आक्षेप देशी झाडांच्या पुरस्कर्त्यांचा असतो, आणि तो वजनदार आहे. विंध्याचे पानगळी जंगल इथून फार दूर नाही. तिथल्या जमिनीवर सावलीत वाढणाऱ्या वनस्पती असताना आफ्रिकेची झाडे कशाला? उत्तरासाठी त्याच जंगलात मे महिन्यात काय असते ते पाहावे लागते. सफेद मुसळी, काळी मुसळी, रानहळद ही सगळी सावलीतली मंडळी पहिल्या पावसाबरोबर वर येतात, झाडांची छत्री दाट असेपर्यंत जगून घेतात आणि पाऊस ओसरला की पाने टाकून कंदात परततात. इथल्या निसर्गाने सावलीच्या प्रश्नावर शोधलेला तोडगाच हा आहे: वाईट महिन्यांत हजर राहू नये. बागेच्या मालकाला हा तोडगा पुरा पटत नाही, कारण त्याला वर्षभर काहीतरी हिरवे हवे असते. म्हणून मी दोन्हींची सांगड सुचवतो. सदाहरित, जाड पानांच्या झाडांचा विरळ सांगाडा आणि त्यांच्या मधल्या मातीत कंदवर्गीय देशी वनस्पती, ज्या जून ते ऑक्टोबर जागा भरून टाकतील. शतावरी आणि गुळवेल या दोन वेली या मांडणीत कडेने चढवता येतात, आणि दोघींनाही उन्हाळा नवा नाही. देशी की विदेशी या वादापेक्षा पसरणारे की न पसरणारे हा भेद मला जास्त कामाचा वाटतो. पिवळ्या फुलांची वेडेलिया भरभर जमीन झाकते म्हणून कंत्राटदारांची लाडकी आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या प्रसिद्ध यादीत तिचे नाव आहे. ओढ्याकाठच्या किंवा शेताला लागून असलेल्या जागेत ती लावणे हा शेजाऱ्यावर अन्याय आहे.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे: ठिबक आहे, फवारे आहेत, शेडनेट आहे, मग हवी ती झाडे का लावू नयेत? लावता येतात, यात शंका नाही. पण ठिबकचे पाणी मुळाला मिळते, हवा ओली होत नाही. कॅलेथियाच्या पातळ पानाला त्रास मातीचा कमी आणि कोरड्या वाऱ्याचा जास्त असतो. मुळाशी पाणी असूनही पानातून ते जितक्या वेगाने उडते तितक्या वेगाने वर चढत नाही आणि कड जळते. मग माणूस आणखी पाणी घालतो आणि काळ्या मातीत मूळ कुजते. फवाऱ्यांनी हवा ओली ठेवायची तर प्रश्न पाण्याच्या हिशोबाचा होतो. इंदूर शहराला १९७८ पासून नर्मदेचे पाणी मिळते. ते निमाडातल्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून, विजेच्या बळावर आणले जाते. बोअरवेलवर जगणाऱ्या भोवतालच्या गावांत एका शोभेच्या वाफ्यासाठी मे महिन्यात फवारे चालवणे मला समर्थनीय वाटत नाही. नेच्यांना माळव्यात जागा नाही असे मात्र नाही. हंसराज जुन्या विहिरींच्या आणि बारवांच्या दगडी भिंतींत आपणहून उगवतो, कारण तिथे ओल, गारवा आणि निवारा तिन्ही एकत्र मिळतात. त्याने स्वतःच आपला पत्ता सांगितला आहे. त्याला व्हरांड्यात बोलावणे हा आपला हट्ट.

यातून एक जुनी मराठी रीत पुन्हा उपयोगी ठरते. वाड्याच्या परसात न्हाणीचे सांडपाणी जिथे जाई तिथे अळू, कर्दळ, हळद लावलेली असे. पाण्याच्या भुकेल्या झाडांची एकच जागा ठरलेली, आणि तीही फुकटच्या पाण्यावर. होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही रीत सांगायची गरज नव्हती. आजच्या भाषेत यालाच पाण्याच्या गरजेनुसार झाडांचे गट पाडणे म्हणतात. वातानुकूलन यंत्राचे पाणी जिथे ठिबकते, हात धुण्याच्या नळाचे पाणी जिथे वाहते, तिथे उत्तरेच्या बाजूला एक लहान ओला वाफा करावा. अळू, सोनटक्का, पानवेल, हवे तर चार नेचे तिथे हौसेने लावावेत. पानवेलीला सावली आणि ओल दोन्ही लागतात हे पानमळेवाल्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. ते शेवरी, शेवगा, पांगारा आधी लावतात आणि वेल नंतर. बाकीची सगळी सावली कोरड्या गटासाठी ठेवावी.

हिरवळीविषयी फार बोलण्याची इच्छा नाही, पण टाळताही येत नाही. झाडाखाली हरळी अंथरण्याचा आग्रह वसाहतीच्या प्रत्येक नकाशात असतो. हरळी हे उघड्या माळाचे गवत आहे. सावलीत ते विरळ होत जाते आणि शेवटी मोकळी माती उरते. सावली सोसणारी रुंद पात्यांची कार्पेट घासाची जात मिळते, तिला पाणी भरपूर लागते. आणि झाडाच्या दृष्टीने पाहिले तर गवत हा पाहुणा तसा तापदायकच. कृषिशास्त्रज्ञ ॲल्बर्ट हॉवर्ड यांनी पुसा येथे फळझाडांच्या मुळांवर केलेले काम १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. झाडाभोवती गवत राखले की कोवळी झाडे कशी खुंटतात हे त्यांनी मुळे उकरून दाखवले आणि त्याचा संबंध मातीत खेळणाऱ्या हवेशी जोडला. आधीच हवा कोंडणाऱ्या काळ्या मातीला हे निरीक्षण अधिकच लागू पडते.

हॉवर्ड यांचा उल्लेख इथे योगायोगाने येत नाही. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत त्यांनी काडीकचरा, शेण, मूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक काळाने उलथून, खत करण्याची पद्धत बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तिच्यावरचे १९३१ चे पुस्तक हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांच्या नावाने निघाले, आणि त्यातल्या वाडांना आपण जवळजवळ विसरलो आहोत. ज्या शहराच्या नावाने कुजलेला पालापाचोळा जगात ओळखला जातो, त्याच्याच परिसरात झाडाखालची गळलेली पाने नीटनेटकेपणासाठी झाडून उचलली जातात. सावलीच्या बागेत ही पाने हेच मुख्य भांडवल आहे. शिरीष आणि कडुनिंबाचा मार्च-एप्रिलचा पाला तीन-चार बोटे जाडीने तिथेच राहू दिला तर माती तापत नाही, भेगा कमी पडतात, आणि छत्री विरळ असतानाच्या काळात मुळांना दुसरी सावली मिळते. पावसाळ्यात कुजून तोच पाला मातीची घट्ट वीण सैल करतो. आक्षेप विंचू-सापांचा येतो; घराच्या पायऱ्यांपासून चार फूट जागा मोकळी ठेवली आणि तिथे फरशी घातली की त्याचे बरेचसे निवारण होते.

तिसरा आक्षेप वास्तुरचनाकारांचा. यादी इतकी लहान केली तर सगळ्या बागा सारख्याच दिसतील. मला वाटते, बागा आजही सारख्याच दिसतात, कारण सगळे एकाच प्रकारची रंगीत पाने विकत घेतात. आणि पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या पानांत हरितद्रव्य कमी असल्याने खोल सावलीत तीच आधी दमतात. वैविध्य जातींच्या संख्येतून येण्यापेक्षा मांडणीतून जास्त येते: स्नेक प्लांटची उभी पाती, लिलीचा झुबका, अडुळशाची रुंद पाने, शतावरीची केसासारखी बारीक हिरवळ. पाच जातींतून पन्नास वाफे वेगळे करता येतात, मात्र त्यासाठी जागा आधी पाहावी लागते. पॅट्रिक गेडिस पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ होते. इंदूर दरबारसाठी त्यांनी केलेला नगररचनेचा दोन खंडी अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता. वाफ्याच्या प्रमाणात हा आग्रह अगदी स्वस्तात पाळता येतो. डिसेंबरातल्या एका दिवशी आणि मेमधल्या एका दिवशी, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता सावलीची कड खडूने आखावी. पावसाळ्यात एकदा, मोठी सर थांबून एक दिवस उलटल्यावर, पाणी कुठे साचले आहे ते बघावे. या खुणांवरून पट्ट्या पडतात आणि पट्ट्यांवरून झाडे ठरतात. वर्षभर थांबायची कोणाची तयारी नसते, हे मान्य. अशा वेळी पहिल्या वर्षी कायमची लागवड अर्ध्याच जागेत करावी आणि उरलेल्या जागेत कुंड्या ठेवाव्यात; कुंडी मेमध्ये उचलता येते.

पुढच्या पानांवरचे तक्ते याच क्रमाने रचले आहेत. प्रत्येक झाडापुढे पहिला रकाना मे महिन्याचा आहे, म्हणजे थेट उन्हाचे किती तास ते सोसते याचा. दुसरा ऑगस्टचा, साचलेल्या पाण्याचा. तिसरा जानेवारीच्या रात्रीचा. अंधार किती चालतो हा रकाना चौथा आहे, आणि फुलांचा रंग शेवटी. रोपवाटिकेत जाताना वाचकाने तक्ता उजवीकडून वाचायला सुरुवात करू नये. लागवडीच्या वेळा अशा: कंदांसाठी मेअखेर, झुडपे आणि लिली यांसाठी पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर, आणि स्नेक प्लांट किंवा झेडझेड यांसाठी सप्टेंबर, पावसाचा जोर उतरल्यावर. पन्हाळीखालची जागा मात्र आधी एक वीत उंच करून घ्यावी.